नाशिकहून सर्वांत जवळचा समुद्र : जव्हारमार्गे केळवे, सातपाटी, अर्नाळा

गोदाकाठची

नमस्कार मंडळी,

आपल्याकडे कुणी "समुद्रावर जाऊ या" म्हटलं की पाच मिनिटांत दापोली, गणपतीपुळे नाहीतर मालवण ठरतं. मग रजांचा हिशोब होतो, मालवण साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे आहे हे कुणाला तरी आठवतं आणि बेत मे महिन्यावर ढकलला जातो. आमच्या घरी चार वर्षं हेच चाललंय. परवा मुलीचा भूगोलाचा नकाशा पसरला होता, तेव्हा मी फूटपट्टी नाशिकवर ठेवून सरळ पश्चिमेला धरली. ती डहाणूवर टेकली. नाशिक आणि डहाणू जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, आणि हवाई अंतर साधारण ११० किलोमीटर. इतका जवळ समुद्र असून आम्ही तो कधी पाहिलेला नाही.

हे डोक्यात शिरण्याचं कारण म्हणजे पांडवलेणी. शाळेच्या मुलांना घेऊन दरवर्षी जाते. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात त्याने कुठल्या नद्यांवर लोकांसाठी फुकट होड्यांची सोय केली याची यादी आहे : इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका. त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याची जागा आणि पाणपोई केली, असंही लिहिलंय. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. सोपारा (आजचं नालासोपारा) आणि आपलं गोवर्धन, म्हणजे नाशिक, दोन्ही त्याच लेखात येतात. घाटावरचा माल सोपाऱ्याच्या बंदरात उतरायचा, तेव्हा नाशिकच्या माणसाला समुद्र हे फक्त सुट्टीचं ठिकाण नक्कीच नव्हतं.

आणि वैतरणा. गोदावरी त्र्यंबकला उगम पावून १,४६५ किलोमीटर पूर्वेला जाते. त्याच त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावणारी वैतरणा पश्चिमेला वळते आणि दीडशे किलोमीटरांत अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. तिचं मुख पाहायचं, असं मी ठरवलंय.

घरात दोन मुलं (१२ आणि ९), डोंगरवेडे दीर आणि ६८ वर्षांचे सासरे. तीन गोष्टी करायच्या आहेत : एखादा डोंगर चढायचा, होडीत बसायचं (शीड असेल तर फारच छान) आणि मुलांना गळ टाकायला शिकवायचं. तीन दिवस आहेत. माहीतगारांनी मनापासून सांगा.

---

कातळवाट

धागा काढल्याबद्दल आभार. गेली पंधरा वर्षं या बाजूच्या डोंगरांत फिरतोय, आणि नाशिकचे ट्रेकर इकडे फार कमी भेटतात.

रस्ता : नाशिक, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर, पालघर, केळवे. दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर धरा, पण घाट आणि वळणं आहेत. साडेचार तास हाताशी ठेवा आणि अंधारात जव्हारचा रस्ता टाळा. मनोर सोडलं की पालघरच्या आधी वाघोबा खिंड लागते. खिंडीत वाघोबाचं देऊळ आहे. वारली लोकांचा हा देव, शिळेवर वाघ कोरलेला. तिथूनच काळदुर्गाची वाट वर जाते. रमतगमत दीड तास. माथ्यावर चौकोनी कातळाचा भला मोठा ठोकळा आहे आणि हवा स्वच्छ असेल तर समुद्र दिसतो. दिरांना हा आवडेल.

पण तुम्हाला वैतरणेचं मुख पाहायचंय, तर तांदुळवाडीच चढा. सफाळे स्टेशनपासून जवळ, पायथ्याला त्याच नावाचं गाव. माथ्यावर कातळात खोदलेल्या टाक्या आहेत आणि खाली वैतरणा अशी वळणं घेत जाते की कॅमेरा बाजूला ठेवून बसून राहावं. सूर्या नदी येऊन मिळते तोही भाग दिसतो. चढ दीड-दोन तासांचा, शेवटचा टप्पा निसरडा. सासऱ्यांनी पायथ्याच्या गावात थांबावं. मुलांना चालेल, फक्त सकाळी सातच्या आत पाय उचला. किनाऱ्यालगतचे डोंगर उंचीला कमी असले तरी दमट हवेने माणूस लवकर थकतो. नाशिकच्या कोरड्या हवेतल्या सवयीवर जाऊ नका. माणशी तीन लिटर पाणी घ्या.

---

मालवणची_लेक

ताई, तुमचा उत्साह आवडला. पण खरं सांगू? मुलांना पहिल्यांदाच समुद्र दाखवत असाल तर मालवणला आणा. निळं पाणी, पांढरी वाळू, सिंधुदुर्ग किल्ला, आणि किल्ल्यात चारी बाजूंनी खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. पालघरकडे पाणी गढूळ असतं, गाळ असतो.

---

गोदाकाठची

मालवणला यायचंच आहे हो, ते स्वप्न सोडलेलं नाही. पण गढूळ पाण्याचं कारण मला उलट जवळचं वाटतं. तो गाळ आमच्याच डोंगरांतून वाहून गेलेला आहे.

---

सातपाटीवाला

नमस्कार. मी मूळचा सातपाटीचा, नोकरीसाठी गेली अकरा वर्षं सातपूरला. नाशिकच्या धाग्यावर माझ्या गावाचं नाव वाचून बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे भरती-ओहोटी. आमच्याकडे समुद्र मैदानासारखा सपाट आहे, त्यामुळे ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि भरतीला तितक्याच वेगाने परत येतं. आजी शिकवायची तो हिशोब सांगतो : तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. आज चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. तीन वाजता भरती, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा, थोडं पुढेमागे. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावस्येला साडेअकरा-बाराच्या सुमारास. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज वेळ साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते.

दुसरं, उधाण आणि भांग. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, म्हणजे पाणी सर्वांत वर चढतं आणि ओहोटीला सर्वांत खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, चढउतार कमी. केळव्याचा पाणकोट, म्हणजे पाण्यातला छोटा किल्ला, पाहायचा असेल तर हे कळलंच पाहिजे. तो दांड्याच्या खाडीच्या तोंडावर पाण्यात आहे, लांबून जहाजासारखा दिसतो. ओहोटीलाच पायी जाता येतं. म्हणून द्वितीया किंवा तृतीया निवडा. तृतीयेला भरती सव्वादोनला, ओहोटी साडेआठला, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी चांगलं मागे गेलेलं असतं. साडेसातला निघा, साडेआठला कोटात, नऊला परत फिरा. नऊ म्हणजे नऊ. पाणी वळलं की ते आधी मागच्या बाजूच्या सखल भागात भरतं आणि समोर कोरडी वाळू दिसत असताना परतीची वाट बंद होते.

तिसरं, मासेमारी बोटीवर "आम्हाला समुद्रात न्या" असा आग्रह कृपया कुणाला करू नका. त्या बोटी प्रवासी वाहतुकीसाठी नसतात, परवाना मासेमारीचा असतो. काही झालं तर नाखव्याचं आयुष्य उद्ध्वस्त होतं. होडीत बसायचं तर अर्नाळ्याला जा. गावातून किल्ल्याच्या बेटावर माणसांची ने-आण करणाऱ्या बोटी रोज चालतात.

सातपाटीला मात्र नक्की या, बोटी लागतात तेव्हा. मासे उतरवताना, वर्गवारी करताना, बर्फ फोडताना पाहता येतं. कामाच्या वाटेत उभं राहू नका आणि बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, एवढंच मागणं आहे.

---

मांदेली

तिथीचा हिशोब वहीत लिहून घेतला! आमच्या सोसायटीत कुणालाच माहीत नव्हता.

---

गळवाला_गंगापूर

मी गंगापूर धरणावर आणि दारणेला गळ टाकतो. रोहू, कटला, कधी मरळ. खाडीतल्या माशांची सवय अगदी वेगळी आहे हे वैतरणेच्या खाडीवर दोनदा जाऊन शिकलो, म्हणून मुलांसाठी लिहितो.

धरणात मासा तुमच्याकडे यायची वाट पाहता, खाडीत पाण्याची वाट पाहायची असते. भरती वळायच्या आधीचा तास आणि वळल्यानंतरचा तास, बस. पाणी थांबलं की मासा थांबतो. कणकेचा गोळा खाडीत विसरा, आमिषाला ताजी कोळंबी लावा. मुलांना बोय आणि शिंगाळा मिळेल. शिंगाळ्याला हात लावू देऊ नका. पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे असतात, लागला तर दिवसभर ठणका मारतो. आधी फडक्याने धरायचा, मग पकडीने गळ काढायचा.

जिताडा मिळाला तर तुमचं नशीब. त्याचं आयुष्य मुलांना जरूर सांगा. पिल्लं खाडीत आणि वर गोड्या पाण्यापर्यंत वाढतात, मोठा मासा अंडी घालायला खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात येतो. आणि जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो! त्यामुळे मोठे जिताडे बहुतेक माद्या. म्हणूनच खूप मोठा मिळाला तर मी सोडून देतो. मित्र रागावतात, पण मला पटत नाही.

---

उत्तरवारा

मी नौदलातून निवृत्त झालो आणि आता इंदिरानगरला राहतो. शिडाबद्दल विचारलंत म्हणून लिहितो.

पालघरच्या किनाऱ्यावर हौशी लोकांना शीड शिकवण्याची सोय माझ्या पाहण्यात नाही. शिकायचं तर मुंबई बंदर किंवा समोरचं मांडवा. पण शीड म्हणजे काय हे मुलांना कळायला होडीच हवी असं नाही. किनाऱ्यावर पहाटे उभं करा आणि वारा कुठून येतो ते विचारा. पाठीवर, म्हणजे जमिनीकडून येत असेल. शाळेत शिकवलेले मतलई वारे ते हेच. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र उबदार राहतो, वारा जमिनीकडून समुद्राकडे. दुपारी बाराच्या पुढे पुन्हा उभं करा. आता तोंडावर येईल, खारा वारा. जमीन तापली. दोन्ही वेळा हातात रुमाल धरून उभं राहायला सांगा. एकदा रुमाल उलटा फिरलेला पाहिला की जन्मभर विसरणार नाहीत.

शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दिशेशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असं नागमोडी जावं लागतं. वारा शिडाच्या वक्र पाठीवरून जाताना होडीला ओढतो, आणि पाण्याखालचा कणा तिला आडवं घसरू देत नाही. गंगापूर धरणावर वारा डोंगरांमुळे तुटक येतो, एकदम झोत, मग शांत. समुद्रावरचा वारा भरभक्कम आणि सलग. ज्याने धरणावर होडी सांभाळली त्याला समुद्राचा वारा समजायला वेळ लागत नाही, असा माझा अनुभव. पाणी नसलेल्या गावातला मुलगाही पाण्याचा माणूस होतो. आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये वल्ही मारून आला.

---

सातपाटीवाला

उत्तरवारा काका, तुमचं वाचून आजोबांची आठवण आली. इंजिन यायच्या आधी त्यांची होडी शिडावर चालायची. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर आत. वारा पडला तर वल्ही. ते म्हणायचे की घरी परत आणणारा वारा देवाने दुपारी ठेवलाय, कारण पहाटे माणसाच्या अंगात जोर असतो आणि दुपारी नसतो.

ताई, मुलांना जाळ्यांतला फरक दाखवा. पापलेटसाठी दालदी जाळं. ते भिंतीसारखं पाण्यात उभं राहतं, मासा डोकं घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. आस, म्हणजे जाळ्याचं छिद्र, जेवढ्या मापाची, तेवढाच मासा लागतो, लहान निसटतो. बोंबलाचं डोल जाळं वेगळं : लांबलचक पिशवी, समुद्राच्या तळात ठोकलेल्या खुंटांना बांधलेली, तोंड प्रवाहाकडे. जाळं कुणी ओढत नाही, भरती-ओहोटीचा प्रवाहच मासा आणून भरतो. म्हणून उधाणाला डोलीला जोर आणि भांगाला सुस्ती. पाणी थांबतं त्या थोड्या वेळात जाळं उपसावं लागतं. आमच्या बायका अजूनही कॅलेंडरवर तारीख नाही, तिथी बघतात.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्या काळात येऊ नका. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण झाला की हंगाम.

---

प्रवासी_वडाळा

गाडी नाही आमच्याकडे. एसटीने जमेल का?

---

कातळवाट

जमेल. नाशिकहून जव्हारला एसटी आहे, पुढे पालघरसाठी गाडी बदला. वेळापत्रक डेपोत विचारून घ्या, फेऱ्या बदलतात. दुसरा मार्ग रेल्वेचा : नाशिकरोड ते दादर, तिथून पश्चिम रेल्वेने सफाळे, केळवे रोड किंवा पालघर. वेळ जवळपास तेवढाच लागतो, पण सासरे बरोबर असतील तर रेल्वे बरी.

---

शाकाहारी_भटक्या

मासे न खाणाऱ्यांचं काय?

---

मांदेली

खूप आहे! केळवे-माहीमकडे वाडवळ समाजाच्या घरांत उकडहंडी करतात, भाज्या, कंद आणि शेंगा मडक्यात लावून. माहीमच्या पानवेली पाहा, नागवेलीच्या पानांच्या बागा, आत शिरलं की भर दुपारी गार. आणि डहाणूकडे गेलात तर घोलवडचे चिकू. त्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय.

मासे खाणाऱ्यांसाठी विनंती : पापलेट हा २०२३ पासून आपला राज्य मासा आहे आणि बाजारात तो बोटभर लांबीचाही विकतात. १३५ मिलिमीटरपेक्षा लहान घेऊ नका. आपण घेतला नाही तर विकला जाणार नाही. मी नाशिकच्या बाजारात माझ्या मावशींना हे सांगून सांगून आता त्या स्वतःच लहान मासा माझ्यासमोर काढत नाहीत.

---

गोदाकाठची

सगळ्यांचे किती आभार मानू! आम्ही कार्तिक वद्य प्रतिपदेला निघतोय. द्वितीयेला डोंगर, तृतीयेला सकाळी पाणकोट, मग वैतरणा ओलांडून अर्नाळा. आल्यावर लिहीनच.

---

गोदाकाठची

*(अकरा दिवसांनी)*

आलो. जसं झालं तसं लिहिते.

जातानाचा रस्ता हाच पहिला आनंद होता. त्र्यंबक सोडून मोखाड्याकडे उतरू लागलो तशी झाडी बदलत गेली. भाताची कापणी संपलेली, खळ्यांवर झोडणी चाललेली. सासरे लहानपणी त्यांच्या वडिलांबरोबर घोटीच्या बाजाराला जायचे. तिथे सुकट-बोंबील विकायला येणारी माणसं खालून, समुद्राकडून येतात, एवढंच त्यांना माहीत होतं. "ही ती वाट," असं ते जव्हारपर्यंत तीनदा म्हणाले.

केळव्याला संध्याकाळी पोहोचलो. सुरूच्या बनातून समोर समुद्र आला तेव्हा धाकटा काही बोललाच नाही. जरा वेळाने म्हणाला, "याचा आवाज बंद होतच नाही का?" रात्री जागा होऊन पुन्हा हेच विचारलं.

दुसऱ्या दिवशी तांदुळवाडी. कातळवाट यांनी सांगितलेली दमट हवा खरी निघाली, माझी दमछाक झाली आणि मुलगी पुढे. माथ्यावर टाक्यांपाशी बसून वैतरणा पाहिली. मी त्या नदीला आजवर फक्त घोटीजवळ धरणाच्या पाण्यात पाहिलं होतं. इथे ती रुंद, संथ, तपकिरी, कांदळवनांमधून वळत जाते आणि शेवटी चमकणाऱ्या पट्ट्यात मिसळून जाते. मुलीने विचारलं, त्र्यंबकचं पाणी हेच का? मी सांगितलं, बरंचसं वाटेत मुंबईला प्यायला जातं, उरलेलं हे. ती म्हणाली, म्हणजे थोडं तरी पोहोचलं. मला तिथे रडू आलं, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

तृतीयेची सकाळ पाणकोटाची. साडेसातला निघालो. पाणी खरंच मागे गेलेलं. वाळू संपून गाळ लागतो तिथे धाकट्याचा पाय पोटरीपर्यंत रुतला, चप्पल आत राहिली, तो घाबरून रडू लागला. दिरांनी त्याला उचललं. तिथून पुढे आम्ही दोघं मुलांना घेऊन थांबलो आणि फक्त दीर कोटापर्यंत गेले. नऊ वाजता परतताना त्यांच्या डाव्या बाजूला पाण्याची रेघ भरायला लागलेली आम्हाला स्पष्ट दिसत होती, त्यांना दिसत नव्हती. मोठ्याने हाका मारल्या. ते घोट्याएवढ्या पाण्यातून आले. सातपाटीवाला दादा, तुम्ही "नऊ म्हणजे नऊ" लिहिलं नसतं तर दीर आणखी अर्धा तास रेंगाळले असते, हे ते स्वतः सांगतात. लहान मुलं असलेल्यांनी पाणकोट काठावरूनच पाहावा, असं माझं मत झालंय.

रुमालाचा प्रयोग केला, उत्तरवारा काका! सहा वाजता रुमाल समुद्राकडे, एक वाजता आमच्या तोंडावर. मुलीने आता वहीत रोजचा वारा लिहायला घेतलाय, नाशिकलासुद्धा.

सफाळ्याच्या बाजूने रो-रो बोटीने वैतरणेची खाडी ओलांडली आणि विरारला उतरलो. रस्त्याने मोठा वळसा पडला असता, इथे पाव तासात गाडीसकट पलीकडे. मी कठड्याला धरून उभी होते. १९०० वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं होतं की नदी ओलांडायला लोकांना नाव मिळावी, आणि ते त्याने नाशिकच्या डोंगरात कोरून ठेवलं. खाडीच्या मधोमध मला त्या ओळी पहिल्यांदा कळल्या.

अर्नाळ्याला बेटावर जाताना पाय ओले करूनच बोटीत चढावं लागतं. किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. दरवाज्यावर वाघ आणि हत्ती कोरलेत आणि बाजीरावांचा उल्लेख असलेला लेख आहे. आत अष्टकोनी तळं, गोडं पाणी. किल्ल्याभोवती कोळ्यांची वस्ती, बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत टाकलेले. बोटीत एक आजी भेटल्या, टोपलीत बाजाराचं सामान घेऊन घरी निघालेल्या. कुठून आलात विचारलं. नाशिक म्हटल्यावर म्हणाल्या, "आमचे सुके बोंबील जातात तुमच्याकडे. तुम्ही पहिल्यांदा आलात."

गळ टाकायला वेळ कमी मिळाला. भरती वळताना तासभर बसलो, दोन छोटे बोय आले, दोन्ही सोडले. धाकट्याला सोडायचे नव्हते.

---

गळवाला_गंगापूर

पहिल्याच दिवशी दोन बोय म्हणजे चांगलंच. त्याला रविवारी गंगापूरला घेऊन या, गाठ कशी मारायची ते शिकवतो.

---

मालवणची_लेक

वाचताना अंगावर काटा आला ताई. मी लिहिलेलं गढूळ पाण्याचं वाक्य मागे घेते. ती आजी काय बोलून गेली!

---

कातळवाट

एक गोष्ट या धाग्यात यायला हवी. ३० ऑगस्ट २०२४ ला डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६,००० कोटी रुपये. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे आणि मच्छीमारांचा या बंदराला विरोध राहिलेला आहे. हा किनारा पाहायचा असेल तर लवकर पाहा, एवढंच मी माझ्या ग्रुपला सांगतो.

---

प्रवासी_वडाळा

पण दादा, रोजगारही येईल ना? माझा भाचा आयटीआय करून घरी बसलाय.

---

सातपाटीवाला

भाच्याला काम मिळावं असं मलाही मनापासून वाटतं, मी स्वतः कामासाठीच गाव सोडलंय. पण माझा भाऊ अजून बोटीवर आहे. बंदराला जागा लागते तशी मासळीलाही लागते. उथळ, खडकाळ पाण्यात मासे अंडी घालतात, पिल्लं वाढतात. ती जागा भरली तर मासा दुसरीकडे राहायला जातो असं होत नाही, तो संपतो. मी कारखान्यात काम करतो आणि जाळ्यावर वाढलोय, त्यामुळे दोन्ही बाजूंनी ओढला जातो. यावर भांडण नको, दोघांनीही एकदा वाढवणला जाऊन ओहोटीला तो खडक पाहून येऊ. मी बरोबर येतो.

---

प्रवासी_वडाळा

येतो दादा. भाच्यालाही आणतो.

---

उत्तरवारा

मुलीची वाऱ्याची वही पाहायला आवडेल. नाशिकला वारा नोंदवताना एक करावं, सकाळची नोंद रोज एकाच वेळी, आणि झाडाच्या शेंड्यावरून पाहावी, गल्लीतल्या धुळीवरून नाही. घरांमध्ये वारा वळतो.

---

गोदाकाठची

काका, तिने लगेच वेळ बदलून सकाळी साडेसहा केली. जागा आमच्या गच्चीवरून दिसणारा कडुलिंबाचा शेंडा.

सातपाटीवाला दादा, सासऱ्यांचा प्रश्न आहे. त्यांना एकदा बोटी लागताना पाहायच्या आहेत, आम्ही या वेळी सातपाटी चुकवली. ते फार चालू शकत नाहीत. कोणत्या तिथीला आणू?

---

सातपाटीवाला

आजोबांना पौष महिन्यात आणा, हवा थंड असते. भावाची बोट कधी लागणार ते आदल्या दिवशी फोनवर कळतं, मी तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवतो. भरतीला बोटी आत खाडीत येतात, त्यामुळे दशमी-एकादशी धरू. भरती साडेसात-सव्वाआठ, सकाळच्या उन्हात बसायला बरं. बसायला खुर्ची आमच्या घरून आणू. आणि मुलाला सांगा, चप्पल घालून ये, इथे गाळ नाही, धक्का आहे.